अडीच इंच

उदगीरच्या बिदर रोडला माझं गॅरेज.
बावीस वर्षं मी गाड्या उचलतोय.
उसाच्या ट्रॉलीला जादा पाटा,
वाळूच्या टिप्परला जादा पाटा,
जीपवाल्याला तर दोन, त्याला दहाच्या जागी चोवीस बसवायचे असतात.
खाली करून दे, असं
या रस्त्यांवर कोणी म्हणालं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर पंचाक्षरी
ती जुनी फोक्सवॅगन घेऊन आले,
गोल तोंडाची, आत पलंग, ओटा, परातीएवढं बेसिन.
म्हणाले, मन्मथ, पुढून अडीच इंच बसव.
मी म्हणलं, कामून?
नळेगाव रोडचे गतिरोधक बघितलेत का? पोट घासंल.
त्यांनी पिशवीतून वीट काढली,
पेपरात गुंडाळलेली.
खुब्याच्या ऑपरेशनपासून अक्काचा पाय
एवढाच उचलतो, म्हणाले.
वीट, आणि वर दोन बोटं.

या गाडीत चाकावरूनच चढावं लागतं,
दाराखाली बरोबर चाक.
दिवाणावर चढावं तसं.

खाली शिरलो तर पाटे नाहीत, कॉइल नाही.
दोन आडव्या नळ्या,
नळीत पोलादी पट्ट्यांची जुडी, मधोमध आवळलेली.
चाक वर गेलं की जुडीला पीळ पडतो,
त्या पिळावर सगळी गाडी उभी.
सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात;
मलाही तो घालवायचा नव्हता,
फक्त थोडा फिरवायचा.

जुडी ओढली तेव्हा ग्रीस आलं
काकवीसारखं, पन्नास वर्षं आटलेलं.
नाग्यानं वास घेतला आणि शिंकला.
नळी मधून कापली.
माझा हात थांबला होता ब्लेडवर,
खोटं कशाला बोलू.
युसुफ खराद्यानं दातेरी कडं करून दिलं,
तिसऱ्या खेपेला बसलं.
वेल्डिंग केलं, शॉकअप आखूड घातले,
जॅक सोडला
आणि गाडी चार इंच बसली,
पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखी.
पुन्हा जॅक. एक दाता मागे.
पुन्हा सोडली.
दाराशी वीट ठेवली, वर दोन बोटं धरली.
नाग्याची नाही, माझी. नाग्याची बारीक आहेत.

चालवून बघितली तर स्टेअरिंग भरकटतंय,
सत्तरच्या वर नाक रस्ता हुंगत फिरतंय.
खालच्या नळीमागं पत्र्याचे दोन तुकडे सारले,
मग सरळ झाली.

शुक्रवारी अक्काला घेऊन आले.
मी डावीकडचं दार उघडून उभा,
सीटवर फडकं मारलेलं.
अक्का काठी टेकत गाडीसमोरून
वळून गेल्या उजवीकडे.
डॉक्टर गुमान माझ्या बाजूनं चढले.
तिकडं काठी आधी आत गेली,
मग हात स्टेअरिंगला,
मग तो पाय,
वीट आणि दोन बोटं,
आणि मी उगाच माझी टाच उचलून धरली.

बसल्या. आरसा खाली केला.
मन्मथ, म्हणाल्या, लई वाकवलास रे हिला,
कोणाच्या पाया पडूलालीय ही?
मी काही बोलायच्या आत
पहिला गिअर.

चौकातल्या गतिरोधकावर
खर्रर्र आवाज आला, इथवर आला.
नाग्या म्हणाला, घासलं, मालक.
मी बघत होतो.
ब्रेकचा लाल दिवा काही लागला नाही.