पाटी कुठे लावायची

न्यासाच्या बैठकीत दादाजींनी एकच विचारलं,
"घराघरांत ठेवायची पोरं, तर पाटी कुठे लावायची?"

तेहतीस वर्षं आम्ही भिंती दिल्या.
बालगृहाची कमान, पाण्याची टाकी, पंखे, पलंग,
ताटांवर कोरलेलं लांजेवार राईस मिलचं नाव
आणि खाली नंबर.
वरण-भात संपवत संपवत
पोरं आमच्या नावापर्यंत पोचायची.

मी फायली आणतो, फायली नेतो.
प्रस्ताव माझाच होता: बारा मुलं, बारा घरं,
प्रतिपालक कुटुंबाला महिन्याचं अनुदान,
बाल कल्याण समितीचे आदेश सोबत जोडले आहेत.
बारावर काट मारून त्यांनी तीन केलं.
"आधी बघू."

तर ही पहिली. आचल. वय आठ. ताट नंबर एक्केचाळीस,
येताना तेवढं सोबत आणलेलं.
तलावाच्या पाळीखाली घर, कौतिका आणि नाशिक वलथरे,
धंदा मासे, हंगामात शिंगाडा.
अर्जात 'मालमत्ता'पुढे नाशिकने लिहिलं होतं
डोंगा एक, जाळी दोन,
मग खोडून, जाळी दीड.

पहिल्या भेटीत कौतिकाने मला मागच्या दारी नेलं.
"पोरगी उशीखाली भात लपवते जी.
मुंग्या झाल्या. मी काही बोलली नाही.
बोलू काय?"
मी म्हणालो, नका.
दुसऱ्या भेटीत उशाशी डबा होता,
कडीला सुतळी ओवून खाटेला बांधलेला.
मुरमुरे, गूळ. रात्री कधीही.
तिसऱ्या भेटीत डबा तसाच, काठोकाठ,
आणि मुरमुरे सादळलेले.

अहवालात 'प्रगती'साठी चार ओळींची जागा असते.
मी लिहिलं: मुरमुरे सादळले.
हिशेबनिसाने लाल पेनाने विचारलं, म्हणजे काय?
अन् डब्याची पावती?

मामा हा शब्द तिला इथेच भेटला.
सगळेच म्हणतात, मामावर चाललो,
मामा भरला, मामा फुटला होता एका साली.
"कोनाचा मामा?" तिने विचारलं.
मला ठाऊक होतं: माजी मालगुजारी तलाव,
सरकारी कागदावर आखडलेली दोन अक्षरं,
नातं वगैरे काही नाही.
नाशिकने जाळं झटकलं.
"ज्याले दुसरा नसन, त्याचा."

थंडीत दादाजी स्वतः आले.
गाडी पाळीवर चढेना, मग चालत.
घराच्या कुडाच्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले,
खिळा कुठे धरेल ते पाहावं तसं.
शेणाने सारवलेली भिंत, दोन ठिकाणी
लहान पंजा उमटलेला, वाळून पक्का झालेला.

आचलने उकडलेले शिंगाडे आणले, त्याच ताटात.
ते सोलत गेले, खात गेले,
ताट रिकामं होत गेलं,
आणि टरफलांच्या मधून त्यांचंच आडनाव वर आलं.
बोटाने त्यांनी टरफलं पुन्हा त्यावर सारली.

"तुमी कोनाचे जी?" तिने विचारलं.
"मी? भंडाऱ्याचा."
"गाव नाही. कोनाचे?"
तीन तालुक्यांत ज्यांचं नाव भिंतींवर आहे
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू फाईल माझ्याजवळ होती.
कौतिका हसली. "सगळ्यायले विचारते ते.
मलेही विचारलं होतं."
तिने काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

आदेशाची मुदत मार्चअखेर.
वर्ध्याकडे एक काका निघाला आहे म्हणतात,
त्याची चौकशी चालू आहे.
कौतिकाला हे मी सांगितलं आहे.
ऐकून ती चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली.

परतताना पिशवीतल्या मासोळीचा वास
फायलीला लागला.
अड्याळ येईपर्यंत दादाजी गप्प होते.
मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले,
"त्या डब्याची पावती नसली तरी चालेल."

उरलेल्या नऊ घरांचं काही बोलले नाहीत.