संग्रहित छायाचित्र

नाटे बंदरातून बातमी पाठवायची
तर शब्द मोजून पैसे मिळतात.
म्हणजे मिळत नाहीत, पण मोजतात.

'बोटीवरून पडून परप्रांतीय खलाशाचा मृत्यू.'
पाच शब्द.
खाली मजकुरात बोटीचं नाव आलं, मालकाचं आलं,
इंजिन किती सिलिंडरचं तेही आलं.
वय अंदाजे तीस.
अंदाज माझाच,
जेटीवर चादरीबाहेर राहिलेले पाय बघून केलेला.

नाव मी लिहिलं होतं. गगन साउद, राहणार बझांग.
रत्नागिरीच्या टेबलावर ते कुटीत गेलं.
कुटी म्हणजे जी मासळी नावानं विकत नाहीत,
टोपलीनं विकतात, ती.

मी फोन केला. म्हटलं, नेपाळ प्रांत नव्हे, देश आहे.
पलीकडून उत्तर आलं, वाचकाला समजतं कोण ते.

समजतं खरंच.
गेल्या वर्षी बागेतून आंबा गेला,
तेव्हा मीच पाठवलं होतं, 'राखणदारावर संशय'.
सोबत फोटो छापला गमछ्यात तोंड लपवलेल्या माणसाचा,
हातात बेडी, खाली बारीक अक्षरात: संग्रहित छायाचित्र.
तो माणूस राखणदार नव्हता, नेपाळचाही नव्हता,
कागलकडचा होता आणि निर्दोष सुटला होता.
सुटल्याचीही बातमी मी पाठवलेली.
त्या दिवशी जागा नव्हती.
फोटोला मात्र दर हंगामात जागा असते.

छापायला जागा नव्हती असं बरंच होतं.
डोंगरातला माणूस, पोहता येत नव्हतं,
तरी आठ हंगाम नुरुद्दीन सोलकरांच्या बोटीवर.
भांगाचे दिवस आणि उधाणाचे दिवस
तांडेलाआधी बोटांवर मोजून सांगायचा.
बायकोला समुद्र ऐकवायचा म्हणून
फोन इंजिनाच्या बाजूला धरायचा.
समुद्र असाच फटफटतो, असं तिला अजून वाटत असेल.

माझा थोरला भाऊ सलालाच्या बंदरात क्रेनखाली गेला,
तेव्हा तिथल्या पेपराचं कात्रण आलं होतं,
आडव्या ओळी, उजवीकडून डावीकडे.
मोहल्ल्यातल्या मौलवींनी वाचून दाखवलं:
काल दुपारी एक आशियाई.
आई चुलीपाशी होती. म्हणाली,
'आशियाई म्हंजे कोन? आपल्यातला कोन हाय काय?'
मौलवींनी कागदाची घडी घातली.
मी तेव्हा नववीत.
पुढे पत्रकार व्हायचं तिथेच ठरलं, असं लोकांना सांगतो.
तसं काही नाही.
एस.टी.त चिकटलो नाही म्हणून झालो.

काल रात्री बझांगहून फोन आला.
बाई हिंदी जपून वापरत होती,
उसनी आणलेली वस्तू वापरावी तशी.
रडली नाही. कामाचं बोलली.
वडा कार्यालयात कागद मागतात,
पेपरात नाव आलं असेल तर तेवढं पाठवा.
आलंय, म्हणालो मी.
का म्हणालो, कुणास ठाऊक.

आता कात्रण टेबलावर आहे.
समासात बॉलपेनने नाव लिहून बघितलं,
छापलेल्यासारखं दिसत नाही.
नुसतंच पाठवावं तर
मौलवी लागणार नाहीत, कुणीच लागणार नाही.
तिची नि माझी अक्षरं एकच आहेत.
मृत्यू तिच्याकडेही मृत्यूच,
आणि पर म्हणजे कोण
हे ती एका नजरेत वाचेल.

डेस्कचा मेसेज आलाय.
जेटीवर पुन्हा काही झालंय म्हणे,
लवकर पाठव, नाव नसलं तरी चालेल,
फोटो आहे आमच्याकडे.

मी चपला शोधतोय.
खिशात पेन घेतलंय.