अडीच मिलिमीटर

हॉटेलच्या पडद्याला अडीच मिलिमीटर फट होती.
नुसत्या डोळ्यांनी मोजली.
बावीस वर्षं अंबडला लेथवर काढली
की डोळ्यांना तेवढं कळतं.
फटीतून उजेड आत यायचा, स्टीलच्या पट्टीसारखा सरळ,
बर न काढलेला,
आणि रात्री साडेअकराला उशीवर आडवा पडायचा.

मी टेप लावली, मशिनच्या खोक्याची,
तपकिरी, वर ‘नाजूक’ छापलेली.
उजेड टेपच्या कडेनं आला.
मग बॅगेच्या तळाशी कुमुदची काळी ओढणी सापडली,
तिनं चिवड्याच्या डब्याभोवती गुंडाळून दिलेली.
ती डोळ्यांवर बांधली.
त्या अंधाराला तळलेल्या खोबऱ्याचा वास होता.

यारी म्हणाला, आम्ही उन्हाळ्यात झोपतच नाही,
ते काम हिवाळ्यावर टाकतो.
आणि रात्री एक वाजता
त्यानं अंगणातलं गवत कापायला काढलं.

कुमुदचा फोन यायचा.
दिवेलागण झाली इकडे, जेवलात का?
डॉक्टरांनी सांगितलंय ना,
सूर्य मावळायच्या आत जेवायचं.
म्हटलं, मग मला सवड आहे, चांगला महिनाभर.
ती हसली नाही.
मशीन सुरू झालं का, तेवढं विचारलं.

झालं.
परतीच्या विमानात तरी रात्र भेटेल
म्हणून खिडकीची जागा मागून घेतली.
ट्रे आला तेव्हा मागच्या आभाळात तांबडी रेघ होती.
ट्रे उचलला, जरा डोळा लागला न लागला,
तर तशीच रेघ पुढून.
मधली रात्र कसारा घाटातल्या बोगद्याएवढी,
शिट्टी वाजेपर्यंत संपलेली.
एक पोरगी येऊन म्हणाली, खिडकी खाली ओढा, लोक झोपलेत.
शेजारचे गृहस्थ तोंड उघडं टाकून घोरत होते.
मला त्यांचा इतका राग आला
की उतरताना त्यांची बॅग मीच काढून दिली.

आज घरी तिसरी रात्र.
पाथर्डी फाटा, तिसरा मजला, अडीच वाजलेत.
शरीर म्हणतं, आत्ता कुठे रात्र, चल, जेवून घेऊ.
समोर पालिकेचा नवा दिवा, दुधापेक्षा पांढरा.
बोरस्त्यांच्या गेटवर हॅलोजन.
हायवेवरचे ट्रक छतावरून
एक-एक करत मुंबईकडे जातात.
बावीस वर्षांत हे दिसलं नव्हतं.
यारीला मी उगाच नावं ठेवली.

दुपारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो होतो.
एका कोठडीत दगडाचा ओटा आहे, झोपायचा.
छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात,
आणि कोपरा असा काटकोनात
की आमच्या इन्स्पेक्शननं लगेच पास केला असता.
आडवा होणार तेवढ्यात कॉलेजची पोरं आली,
आठ जण, आठ मोबाइलचे टॉर्च.
काका, तुम्ही गाईड आहात का?
नाही म्हटलं. उतरलो. ऊन होतंच.

तीनला दहा कमी असताना
डीपीवर धाडकन आवाज झाला.
पंखा दोन फेऱ्या आणखी फिरला, भीड म्हणून.
पालिकेचा दिवा गेला. हॅलोजन गेला.
फ्रिज एकदा कण्हला आणि गप्प.
आधी खालून शिव्या आल्या, मग वर बाल्कनीचं दार वाजलं,
कुणाचं तान्हं रडायला लागलं,
बोरस्ते काकू अंधारातच कुणाला तरी म्हणाल्या,
महावितरणला फोन लावा, मी लावला तर उचलत नाहीत.
अंबडच्या बाजूचं आभाळही काळं.
मी हात डोळ्यांसमोर धरला.
हात नव्हता.

घाम होता, डास होते,
कुमुद पदरानं वारा घेत पुटपुटत होती,
आता सकाळपर्यंत काही खरं नाही.

सकाळी तिनं विचारलं, लाईट कधी आली हो?
म्हटलं, मला काय माहीत.