मळी

वरचा भाडेकरू राजमहेंद्रीला बदलून गेला.
गोदावरीही तिकडंच जाते, पण ती मागं सामान ठेवत नाही.
राव टाकी ठेवून गेला: तीन फूट काच,
मिठाचं अर्धं पोतं, दोन जोकर मासे
आणि कॅलेंडरच्या मागं लिहिलेला आकडा,
एक पूर्णांक शून्य पंचवीस.
"यापेक्षा खारट नको, कोठुळे. अळणी तर नकोच नको."

आठ दिवसांत पाण्यावर साय धरली.
मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले,
उधारी मागायला आलेल्यांसारखे.
फेस काढायचं यंत्र बाजारात अठरा हजारांना.
एकतीस वर्षं सातपूरच्या टूलरूममध्ये
केसाच्या दहाव्या हिश्शाचं मोजमाप केलं,
एक नळकांडं होणार नाही माझ्याच्यानं?

भद्रकालीत हुसैनभाईंकडून
चार इंची पीव्हीसी, दीड फूट. दोन एल्बो, एक टी,
सोल्युशनची डबी.
"बाथरूम का?"
म्हटलं, "समुद्र."
त्यांनी दहा रुपये कमी केले.

वरची मान पारदर्शक हवी, फेस चढताना दिसला पाहिजे.
निवृत्तीनं जेवणाच्या सुट्टीत लेथवर अ‍ॅक्रिलिक धरलं.
भुवयांवर पांढरा भुगा घेऊनच त्यानं डबा उघडला.
मानेवर लोणच्याची बरणी, बूड कापलेली.

तत्त्व जुनंच आहे. गुऱ्हाळावर आई मळी काढायची.
भेंडीची ताटं ठेचून कढत्या रसात सोडायची,
घाण आपसूक वर यायची,
झाऱ्या घेऊन उभं राहायला तेवढं माणूस लागायचं.
इथं आच नाही. इथं बुडबुड्यानं ओझं वाहायचं.
मोठा बुडबुडा रिकाम्या हातानं वर पळतो.
बारीक पाहिजे, पिठासारखा,
तो रेंगाळत चढतो
आणि वाटेत भेटेल ते अंगाला लावून घेतो.

पहिला दगड नुसत्या गुळण्या करत बसला.
दुसरा पाच मिनिटं सोडावॉटर, मग मुका.
बाभूळ कापून पाहिली, हवा आत शिरेना.
शेवटी परसातल्या शेवग्याची वाळकी फांदी,
आडवी कापलेली, इंचभर.
जे लाकूड चुलीलाही कुणी नेत नाही
त्यातून हवा निघाली ती दुधासारखी.

त्याच रात्री दोन वाजता सांधा गळाला.
जयवंतीनं फरशी पुसली. एक शब्द नाही.

जयवंती सातपाटीची. इथं येऊन तेवीस वर्षं झाली.
टाकीपुढून जाताना ती पदर सावरायची, बघायची नाही.
खायचा नाही तो मासा घरात कशाला,
एवढंच एकदा म्हणाली होती, तेही रावला.

चौथ्या दिवशी मानेत फेस चढला.
आधी पांढरा, मग चहाच्या गाळासारखा,
काठावर अडला, थरथरला, बरणीत पडला.
उजाडेपर्यंत अर्धी वाटी काळं पाणी,
नाक धरावं असं.
मी निवृत्तीला फोन केला, पेढे मागव म्हणालो.

मोरीत ओतायला निघालो तर तिनं मनगट धरलं.
बरणी नाकाशी नेली.
"अगं, घाण आहे ती."
"थांब जरा."
डोळे मिटून उभी राहिली, ओले हात तसेच.
"ओहोटी," म्हणाली.
"होड्या चिखलात कलंडून पडतात ना, त्या वेळची."
मी तिच्या माहेरी चार वेळा गेलोय,
चारही वेळा भरती होती.

आता बरणी तीच धुते.
धुण्याआधी थोडा वेळ खिडकीपाशी जाते,
तोवर मी चहा ठेवतो.
शेवग्याचा तुकडा महिन्यात कुजतो, नवा कापावा लागतो.
सांधा अजून पाझरतोय.
खाली वाटी ठेवली आहे,
तिच्या काठाला मीठ धरलंय.