खाडा

शाळेच्या हजेरीपटात खाडा म्हणजे
तांबड्या शाईतला एक 'गै'.
मुकादमाच्या वहीत खाडा म्हणजे
पाचशे रुपये, न बोलता वजा.
मी सातवीत असताना माय म्हणाली,
"चार-चार दिवस खाडा पडायचा, बाई.
पिशवी काढून टाकली."
बाजाराची फाटकी पिशवी टाकल्याचं सांगावं
तितक्याच आवाजात.
तेव्हा ती एकोणतीसची होती.
मी भाकरी खाल्ली आणि गृहपाठाला बसले.

धारूरच्या घाटाखाली आमचं गाव.
दसऱ्यानंतर दारांना कुलपं,
उन्हाळा लागला की पुन्हा माणसं.
यंदा बायका परतल्या तशा
आम्ही चौघं वही घेऊन निघालो.
गंगासागर पोलीस भरतीसाठी पहाटे पळते,
अल्तमशचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान,
विशाखा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला,
आणि अक्षर बरं म्हणून मी.

पहिल्या घरी चहा पिऊन परत आलो.
दुसऱ्या घरीही चहाच.
तिसऱ्या घरी कौसाबाई म्हणाल्या,
"कामून फिरालात गं दारोदार?
इचारा की एकदाचं, साखर संपंल गावातली."
मग विचारलं.
अल्तमश बाहेर बाभळीखाली बसायचा.
त्याला लाज वाटायची आणि ती लपवता येत नव्हती,
म्हणून बेरजा त्याच्याकडे.
एकशे बारा घरं. त्रेचाळीस पिशव्या.
सगळ्यात धाकटी चोवीस वर्षांची,
तिला कुणी सांगितलंच नव्हतं
की गोळ्यांनीही बरं वाटू शकलं असतं.
ही बेरीज त्यानं तीनदा केली.

एक मेच्या ग्रामसभेत
रस्ता झाला, नळ झाले, स्मशानभूमीचं कुंपण झालं.
आम्ही सगळ्यात शेवटी, आयत्या वेळच्या विषयात.
गंगासागर उभी राहिली.
महिनाभर ती पळताना घोकत होती,
पावलागणिक एक शब्द:
पाळी. गर्भाशय. निरोध. संमती.
आता तिची मान ताठ आणि घसा कोरडा.
मागून कुणीतरी हसलं.
सरपंच म्हणाले, "पोरी, हे असलं चावडीवर?"
"पिशव्या चावडीवरच्याच माणसांनी मोजल्यात काका,
उचल देताना," ती म्हणाली,
आणि आकडा वाचला. त्रेचाळीस.

"चव्वेचाळीस."

पायरीवर, बायकांच्या घोळक्यात,
माझी माय उभी होती.
पदर सावरला नव्हता, आवाज तोच, बाजारातला.
"माझी धरली न्हाई.
वही माझ्याच पोरीच्या हातात हाय."

एकशे अकरा उंबरे ओलांडले होते मी.

वहीत खाडाखोड केली.
पेन चालेना, विशाखानं दुसरं दिलं.

पुढं काय झालं म्हणाल तर थोडंच.
उपकेंद्र आता मंगळवारी दोन तास उघडतं,
नर्सबाई आल्या तर.
फडावर संडास मिळेल का,
याला कारखान्याचं उत्तर नाही.
अल्तमशच्या दुकानात मात्र पोरं
स्क्रीन गार्ड बदलता बदलता काहीबाही विचारतात,
तो खाली मान घालून नीट सांगतो.
माय माझ्याशी दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अजून कंबर दुखती. लिही."

ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहिलं होतं:
महिलांच्या इतर अडचणींवर चर्चा झाली.
आम्ही परत गेलो. 'इतर' खोडा म्हणालो.
त्यांनी खोडलं. पेन तसंच धरून
दाराकडं बघत हळूच विचारलं,
"गर्भाशय... कसं लिहायचं?"
गंगासागर टेबलावर वाकली, मोठ्यानं सांगू लागली.
बाहेरच्या बाकावरच्या माणसांनाही ऐकू जाईल असं:
"ग. मग भा.
भा-वर रफार, साहेब.
रफार विसरू नका."