तेच गाणं, आणखी एकदा

वाल्पराइसोच्या चढावर
एरिबेर्तो घड्याळं दुरुस्त करतो.
चाळीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी,
आणि गाणं दिवसभर एकच.

सकाळी अग्निशमन दलाचा बँड:
ठेका असा घाईतला,
जणू कुठंतरी पेटलंय.
मग कुणी फिनलंडची बाई.
शब्द एक कळत नाही,
पण ‘परत ये’ कुठं म्हणते
ते बरोबर कळतं.
जेवणानंतर शाळेतली पोरं;
त्यातला एक दुसऱ्या कडव्यात घसरतो,
तेवढ्यासाठी ती तबकडी
फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

परवा गिऱ्हाइकानं आणून दिलं
अस्सल, पहिलंवहिलं.
डोळ्यावरचं भिंग न काढता
त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

“गळा चांगलाय,” म्हणाला,
“पण दुसऱ्या कडव्यात
घसरायचं विसरला.”