चीक

नवं लुगडं नेसून केळीपाशी जाऊ नको,
आई सांगायची. चीक लागला
की धोब्याच्या बापालाही निघत नाही.
नवव्या वर्षी माझ्या पिवळ्या परकरावर
भंडाऱ्याच्या मामाकडला एक तपकिरी डाग आला.
परकर विरला, त्याचं पोतेरं झालं,
पोतेऱ्यात डाग मात्र
कालचाच वाटायचा.

आता सेलूहून टेम्पो येतो, मंगळवारी.
घड बाजारात गेलेले, पानं कुणी कुणी नेलेली,
उरलेले खांब एकावर एक, ओले, जड,
मागे रस्ताभर पाणी गळत आलेलं.
"ताई, माल फुकट," इरफान म्हणतो,
"डिझेल फुकट नाई."
मी पैसे मोजते. माझ्या बोटांचे ठसे
नोटांवर काळपट उमटतात.

केळ एकदाच विते.
मग कोयता. मग बांधावर कुजणं.
पायाशी मुनवे उभेच असतात
जागा कधी रिकामी होते बघत.

तांडापेठेतल्या टिनाच्या शेडमध्ये
मी सोपटं सुटी करते,
बाहेरचं राठ, आतलं मऊ,
गाभ्याजवळचं तर इतकं पांढरं
की हात लावायला संकोच वाटतो.
मशीनच्या दातांत एक टोक धरायचं,
ओढायचं, उलटं करून पुन्हा ओढायचं.
गर उडतो तोंडावर, भिंतीवर,
देवाच्या कॅलेंडरवर.
चाळीस किलोच्या खांबातून
माझ्या मुठीत येतं ते
एखाद्या पोरीच्या सैल वेणीएवढं.
बाकी सगळं पाणीच होतं, एवढा वेळ उभं राहिलेलं.

पहिल्या वर्षी मे महिन्यात सगळं तुटलं.
सेहेचाळीस डिग्रीत सूत कुरडईसारखं
कडकड मोडत होतं.
म्हणून मी घरातला एकुलता कूलर
शेडमध्ये आणला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या.
हेडाऊंच्या सुनेनं गल्लीभर सांगितलं,
सुताले कूलर लावला बाप्पा,
बाप बसला उकाड्यात.

बाबा दोन दिवस रुसले.
तिसऱ्या दुपारी खुर्ची उचलून
सुताच्या शेजारी येऊन बसले.
बोलले नाहीत.
त्यांचा माग भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेला
त्या दिवसापासून त्यांनी धाग्याला हात लावलेला नाही,
सदऱ्याची गुंडीसुद्धा मीच लावते.
खड्ड्यावर आता फरशी आहे
आणि फरशीवर फ्रिज.

"हे सूत नोहे," चौथ्या दिवशी म्हणाले.
"मले माहीत हाय."
"गवत हाय हे."
"गवतच हाय."
कूलरचा पंप गुळगुळत राहिला.

तुकडे फार तर चार फुटांचे.
टोकाला टोक जोडायचं, तेही असं
की फणीतून जाताना अडकू नये.
माझी गाठ मुगाएवढी होते.
मी चहा घेऊन आले तेव्हा
बाबांच्या मांडीवर दोन टोकं होती.
अंगठा तर्जनीवर जरासा घसरला,
ओठांनी टोक भिजवलं,
आणि मग तिथे काहीच नव्हतं,
नुसता एक लांब धागा.
मी चहा खाली ठेवला. थंड झाला तो.

धरमपेठेतल्या प्रदर्शनात एका बाईंनी
आमचा आसनपट्टा उजेडात धरला,
कडेच्या तपकिरी छटेवर नख घासलं.
"हा डाग जाईल ना धुतल्यावर?"
आई आठवली, परकर आठवला.
म्हटलं, बाई, हा सगळाच डाग आहे,
त्यालाच विणलंय.
त्या हसल्या नाहीत. शंभर कमी करून घेतला.

रात्री बाबांना दर सांगितला.
त्यांना दराचं काही नव्हतं.
"उजेडात धरलं म्हणतेस.
गाठ दिसली का तिले?"
"नाई."
"मंग झालं," म्हणाले,
आणि पाय कूलरकडे करून
सुताला पाठ लागणार नाही असे
कुशीवर वळले.